माझं नाक आणि यांचा स्मोकर

मला किळस फार लवकर येते. फ्रिजमध्ये कुणी चिरलेला कांदा उघडा ठेवला, तर दुसऱ्या दिवशीच्या चहात तो मला लागतो. शाळेत शिकवत होते तेव्हा मधल्या सुट्टीनंतर वर्गात शिरले की कुणाच्या डब्यात काय होतं, ते हजेरी घ्यायच्या आधी मला कळायचं. माहेर सगळं माळकरी. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा बंद असायचा. अशा घरातली मुलगी अमरावतीच्या अशा घरात पडली, जिथं रविवार म्हणजे मटण.

घराच्या आत शिजायचं नाही, एवढीच काय ती मेहेरबानी. आमच्या वऱ्हाडात पुष्कळ घरांची ही रीत आहे. मटण बायकांच्या चुलीवर चढत नाही. मागच्या अंगणात तीन विटा मांडायच्या, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा आणि पुरुषांनी शिजवायचं. त्याचं गंज, म्हणजे पातेलं, वेगळं, पळी वेगळी, मसाला वाटायचा पाटासुद्धा वेगळा. हे सगळं मागच्या टिनाच्या पत्र्याखाली पावसापाण्यात राहायचं. माझ्या मोरीत त्याला पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंकडून हे पक्कं करून घेतलं होतं.

आमचे हे मटण नाकानं शिजवायचे. झाकण उघडून बघणं नाही, तुकडा दाबून पाहणं नाही. विटांपासून जरा लांब खाट टाकून पेपर वाचत पडायचे आणि मध्येच म्हणायचे, "झालं." आणि ते झालेलं असायचं. आखाडात भावकीतून यांना बोलावणी यायची. अकोल्याला धाकट्या दिराकडे तर यांच्याशिवाय गंज चढतच नसे. "मटन चमच्यानं नाई पाहा लागत, नाकानं पाहा लागते," हे यांचं ठरलेलं वाक्य.

मी तेव्हा घरात असायची. खिडक्या बंद, अगरबत्ती लावलेली, पदर नाकाला. तरी तो वास दाराच्या फटीतून यायचाच. आधी रक्ताचा आणि कच्च्या चरबीचा, मग मसाल्याचा, मग त्या दोन्हींची खिचडी होऊन काहीतरी दाट, तेलकट, भिंतींना चिकटणारं. यांना माझी गंमत वाटायची. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "अवं, घे ना उलसाक वास. फुकट हाय." मी म्हणायची, "तुमी पयले आंघोळ करा." मग हे माझ्या तोंडाकडे बघून हसत सुटायचे. मी नाक मुरडलं की यांना जेवणाआधीच जेवल्यासारखं होत असावं. आमचे रविवार असे गेले.

मग ती साथ आली. दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही पडलो आणि दोघंही उठलो. माझं नाक जसंच्या तसं राहिलं. यांचं गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आम्ही वाट पाहिली. पुष्कळांचं आलं, यांचं काही आलं नाही. सुरुवातीला हे त्याचीही थट्टा करायचे. "आता तू काईबी रांध, माह्यी तक्रार नाई." मग थट्टा संपली. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू तेवढं कळायचं आणि तिखट झोंबायचं. बाकी वरण काय, भाजी काय, ओला कागद काय, सगळं सारखंच. ताटात मिठाची बरणी आणि तिखटाची वाटी आली. रविवारचं मटण बंद झालं. मागच्या टिनाखालच्या त्या गंजात पालीनं अंडी घातली. ती मला दिसली आणि मी किंचाळले, पण हे उठून बघायलाही आले नाहीत.

मला खरी भीती वाटली ती एका उन्हाळ्यात. मी दोन दिवस अकोल्याला दिराकडे गेले होते. परत आले तर फाटकातच मला वास आला. आंबलेला, सडका, वर फेस आलेल्या वरणाचा. मी चपला न काढता आत धावले. हे जेवत होते. माझं वरण यांनी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं होतं आणि विसरले होते. ते तसंच गरम करून पोळीनं वाटी पुसून पुसून खात होते. वाटीच्या कडेला पिवळा फेस सुकला होता.

"बरं हाय," हे म्हणाले. "उलसं आंबट हाय. चिंच जास्त टाकली काय?"

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुऊन आले तेव्हा वाटी यांनी बाजूला सारली होती. माझ्या तोंडावरून यांना सगळं कळलं होतं. मग म्हणाले, "मले कसं कळन? तूच सांग, मले कसं कळन?"

पुढचे दोन दिवस पोटानं यांचे जे हाल केले ते लिहिण्यासारखे नाहीत. पण ते बरे झाल्यावरही माझ्या मनातून ती वाटी जाईना. ज्या माणसाला खाटेवर पडल्या पडल्या मटण झालेलं कळायचं, तो सडकं वरण पुसून खात होता आणि बरं आहे म्हणत होता. हे उपाशी नव्हते, पण जेवतही नव्हते. ताट समोर आलं की गोळी घेतल्यासारखं उरकायचे आणि उठायचे. पँटी कमरेत ढिल्या झाल्या. असंच यांचं आयुष्य संपेल, खाण्याची वासना मेलेल्या अवस्थेत, या विचारानं मला रात्री झोप लागत नव्हती.

अशातच धूर आला. थंडीचे दिवस होते, सकाळी आम्ही फिरायला निघालो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोक कचरा टाकतात आणि कुणीतरी रोज तो पेटवतं. प्लास्टिकच्या पिशव्या, भिजलेली रद्दी, कुणाची तरी फाटकी चप्पल. त्या काळ्या, चिकट धुरानं माझ्या घशात काटे आले. मी पदर लावून भराभरा पुढे गेले. मागे वळून पाहते तर हे त्या ढिगाजवळ उभे.

"अवं! धूर येऊन राहिला!"

"दिसून राहिला ना मले! या इकडे!"

"दिसत नाई म्हणत मी. येऊन राहिला. नाकात येऊन राहिला माह्या!"

आणि ते छाती भरून ती घाण आत ओढायला लागले. चेहरा असा उजळला होता की येणारेजाणारे बघत होते. मी दंडाला धरून ओढत आणलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तो वास नव्हे, धूर नाकाला झोंबतो, ती शीर वेगळी असते, फार आशा ठेवू नका. यांनी त्यातलं फक्त सोयीचं तेवढं ऐकलं. आपल्या नाकापर्यंत धूर पोचतो, एवढं यांना पुरलं.

मग मोबाईल सुरू झाला. कुठल्या कुठल्या देशांतले पोटं सुटलेले बाप्ये आपापल्या परसात एक लोखंडी धूड उभं करतात, त्यात कोळसे घालतात, वर मांसाचा ओंडका ठेवतात आणि दिवसभर त्याला धूर देत बसतात. संध्याकाळी तो ओंडका डांबरासारखा काळा होऊन बाहेर येतो. मग तो बाप्या त्यावर बोट दाबतो आणि त्यातून पाणी गळतं. शी! हे मला जेवताना दाखवायचे. "पाह्य, धूर कसा आतपर्यंत गेला. मुरला तो. जिभेवर ठेवलं का नाकात चढन. मले लागन ते." म्हणून कोळशाचा स्मोकर घ्यायचा. मग त्याचे प्रकार माझ्या माथी मारणं सुरू झालं. एक गोल, बुटका, झाकणाचा. एक आडवा, कडेला जाळाची वेगळी पेटी लावलेला. एक उभा, तीन मजली. आणि एक नुसता ड्रम. सून आणतानासुद्धा कुणी इतकी चौकशी करत नसेल. मी ऐकून घ्यायची, कारण इतक्या दिवसांनी हे खाण्याबद्दल बोलत होते.

धाकट्या दिराला फोनवर हे कळलं. तो म्हणाला, "विकत कायले घेता भाऊ? अकोल्यात बनवून देतो मी. ड्रम माह्याकडे पडून हाय." झालं. यांना तर तेच हवं होतं. उन्हाळा तोंडावर आलेला असताना आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. अकोल्याच्या त्या उन्हात माणूस बाहेर उभा राहिला तरी भाजतो, त्याला वेगळ्या स्मोकरची काय गरज, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

वेल्डिंगवाल्याचं शेड म्हणजे माझ्यासाठी नरकाचं दार. जमिनीवर काळं तेल, लोखंडाचा कीस, आणि भिंतीवर कंबरेच्या उंचीपर्यंत खर्र्याच्या लाल पिचकाऱ्या. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून केलेला तो आमच्याकडचा तोबरा. वेल्डिंगवाल्याच्या गालात एक आणि माझ्या दिराच्या गालात दुसरा. दोघंही बोलायच्या आधी बाजूला थुंकायचे. मी साडी वर धरून उभी होते. ड्रम मात्र खरंच छान तयार केला होता. पुढे दार, आत दोन जाळ्या, वर धुराडं, खाली पाय, बाहेरून काळा रंग. हे त्याभोवती नवरदेवासारखे फिरत होते.

मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. वास ओळखीचा होता. श्रावणात कपाशीच्या वावराजवळून एसटी गेली की खिडकीतून आत येतो तो. गोडसर, सडक्या लसणासारखा.

"भाऊजी," मी विचारलं, "हा ड्रम कायचा हाय?"

"वावरातला हाय वयनी, बाळापूरच्या. फवाऱ्याचं औषध कालवत होतो त्याच्यात. आता प्लास्टिकचा घेतला, तं हा रिकामाच होता." माझं तोंड बघून त्यानं घाईनं जोडलं, "धुतला ना मस्त! पावडर टाकून घासला."

"भाभी, लोहा है," वेल्डिंगवाला म्हणाला. "एक बार आग लगी के सब जल जाता. वास-बीस काय रायते त्याच्यात?"

"मले येऊन राहिला वास."

दीर हसला. "वयनीले तं शेजारच्या घरातल्या फोडणीचाही येते."

नाकानं कांदे सोलणारी बाई म्हणून मी त्या घरात पहिल्यापासून प्रसिद्ध. त्यामुळे त्या दोघांनी मला तिथंच निकालात काढलं. आणि यांनी काय करावं? यांनी ड्रमचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि जोरात श्वास ओढला. एकदा, मग पुन्हा. "काई नाई," आतून आवाज घुमला. "मले तं काईच वास नाई येत." साक्षीदारानं कोर्टात सांगावं तसं सांगितलं. वेल्डिंगवाल्यानं मान डोलावली आणि कोळशाच्या पोत्याकडे हात नेला.

मी यांची कॉलर धरून मागे खेचली. शर्टाचं बटण तुटून त्या तेलात पडलं. वर्गात वापरायची त्या आवाजात मी ओरडले, "तुमाले येत नाई म्हणजे वास नाई, असं होत नाई!"

यांचं तोंड एवढंसं झालं. यांना वास येत नाही हे दिराला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. त्यानं खर्रा थुंकला, नळावर जाऊन चुळा भरल्या, आणि मग ड्रमच्या दारात नाक नेलं. लगेच मागे झाला. "हो वयनी," म्हणाला. "हाय." ज्या ड्रमात आपला सख्खा भाऊ मटण शिजवून खाणार होता, त्यावर त्यानं तिथंच घण घातला.

हे मात्र तिकडे बघत नव्हते. भंगाराच्या ढिगावर उन्हात बसले होते, तुटलेल्या बटणाच्या जागी हात धरून. मला त्या शेडची किळस आली, त्या लाल भिंतीची आली, औषध कालवलेलं भांडं घासलं की ताट होतं असं समजणाऱ्या आमच्या सगळ्या वऱ्हाडाची आली. पण त्या ढिगावर बसलेल्या माणसाची आली नाही; तेलात पडलेलं ते बटण मी बोटांनी उचललं आणि पदराला पुसलं.

घरी आल्यावर मोबाईलवरचे ते बाप्ये बंद झाले. मी मुद्दाम विषय काढला तर म्हणाले, "जाऊ दे. नाक नाई त्यानं रांधूच नये." पुन्हा तीच मिठाची बरणी, तेच गोळी घेतल्यासारखं जेवण. चार-सहा आठवडे मी हे पाहिलं आणि मग माझा संताप झाला. एखाद्या गोष्टीची किळस येणं मला जमतं, तिची सवय होणं जमत नाही. एका सकाळी मी म्हटलं, "उठा. कपडे घाला. स्मोकर घ्याले जाऊ. मी घेईन पाहून."

"तू?"

"नाक कोणाले हाय घरात?"

बडनेरा रोडला हॉटेलांचं सामान विकणारं एक मोठं दुकान आहे. दुकानदार यांच्याशीच बोलत होता. मटण किती किलो मावतं, एकावेळी किती कोंबड्या, फार्महाऊसवर पार्टीला कोणता चालतो. मग त्यानं माझ्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "मॅडम, आपली नॉनव्हेजमधली स्पेशालिटी काय?"

"मी खात नाही," मी म्हटलं. "चरबी गळून कुठं पडते ते दाखवा."

त्याला आधी कळलंच नाही. मला जे जे किळसवाणं वाटतं ते मी एकेक करून विचारलं. गळलेली चरबी कोळशावर पडून जळते की कुठं साठते? राख हातानं खरवडून काढायची की तिला वेगळं ताट आहे? झाकण नीट बसतं की फटीतून धूर गळत राहतो आणि माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो? आणि मुख्य म्हणजे, हे सगळं माझ्या मोरीत न आणता मागे अंगणातच पाइप लावून धुता येतं का? गोल, बुटक्याची राख खाली साठायची आणि हात घालून काढावी लागायची, तो गेला. आडवा दिसायला राजबिंडा, पण पत्रा बिस्किटाच्या डब्यासारखा पातळ आणि दाराला बोट जाईल एवढी फट, तोही गेला. उभा तीन मजली होता त्याचा पत्रा जाड होता. खाली कोळसे, मधे पाण्याचं पसरट भांडं, चरबी त्यात गळते, वर जाळ्या, आणि झाकण असं घट्ट की काढताना आवाज झाला. प्रत्येक मजला सुटा होतो. हवा कमीजास्त करायला लहान लहान झरोके. किळस आलेल्या बाईचे प्रश्न आणि मटण शिजवणाऱ्याचे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात, हे त्या दुकानदारालाही नवीन होतं आणि मलाही.

मग मी पदर खोचला आणि त्या तीन मजल्यांच्या आत डोकं घातलं. नवा रंग, मशीनचं तेल, पुठ्ठा. औषध नाही, सडकं काही नाही. बाहेर आले तर हे हसत होते. अकोल्यानंतर पहिल्यांदा.

"अवं, तू मटनाच्या भांड्यात डोकं घालून राहिली."

"गप बसा," मी म्हटलं, "आणि पैसे द्या त्याईले."

घरी आणल्यावर तो आधी रिकामाच पेटवला, आतलं तेल जळून जाईपर्यंत. इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा कोळसा आणला. धुरासाठी लाकूड कोणतं, यावर पुन्हा वाद. पऱ्हाट्यांना मी साफ नाही म्हटलं. ज्या काड्यांवर हंगामभर फवारणी होते त्यांचा धूर इतकी वर्षं दर रविवारी आमच्या अंगणात होत होता, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं आणि मला मागचे सगळे रविवार ओकावेसे वाटले. यांनी मग अंगणातल्याच कडुनिंबाची फांदी तोडून घातली. त्या धुरावर शिजवलेली पहिली कोंबडी गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगली आणि मान फिरवली. "कडू तेवढं मात्र कळलं," हे म्हणाले. पुढच्या वेळी नुसती बाभूळ घातली.

आता शिजलं की नाही हे सांगणार कोण? इतकी वर्षं मी ज्या खिडक्या बंद करत आले, त्यातली मागची खिडकी उघडून मी तिथं खुर्ची टाकली. हे अंगणातून विचारायचे, "आत्ता कसा येऊन राहिला?"

"ओल्या कुत्र्यासारखा."

"मंग कच्चं हाय. आत्ता?"

"शी! जळक्या चपलेसारखा."

"कातडी रंग धरून राहिली," हे आनंदानं म्हणायचे आणि झरोका जरासा लावायचे. मी जितकं घाण सांगायची तितके हे खूश. शेवटी एकदाचं मी म्हटलं, "आता लय झालं, मले बसवत नाई इथं," आणि यांनी झाकण काढलं. बरोबर शिजलं होतं.

जेवण अंगणातच मांडलं. माझ्या स्वयंपाकघरात ते ताट येणार नव्हतं. "समोर बस," हे म्हणाले, म्हणून मी पदर नाकाला लावून समोर बसले. यांनी तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मला यांच्या डोळ्यांत दिसलं, काही नाही. धूर नाकात चढला नव्हता. "मऊ हाय," हे म्हणाले. "मीठ बरोबर हाय." एवढा खटाटोप करून हाती आलं ते मीठ.

मग यांनी मान वर केली. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत आहे, यांच्या बोटांवरून चरबी मनगटाकडे ओघळत होती. हे माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू चावत राहिले.

"अवं," हे म्हणाले, "तुह्या तोंडाकडे पाहिलं तं मले वास आल्यासारखा झाला."

मला वाटलं थट्टा आहे. पण डोळे थट्टेचे नव्हते. "तू अशीच करत होती ना दर रविवारी," हे म्हणाले. "तू नाक मुरडलं का मले तो वास आठोते. खरंच आठोते." आणि यांनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. मिठाच्या बरणीला हात लावला नाही. कितीतरी महिन्यांनी मी यांना बोटं चाटताना पाहिलं. ते दृश्य किळसवाणं होतं आणि मी ते डोळे भरून पाहिलं.

तेव्हापासून हे माझं रविवारचं काम झालं. हे जेवतात, मी समोर बसून नाक मुरडते. सोंग करावं लागत नव्हतं. कोंबडी असो, मटण असो, मला यायची ती किळस शंभर नंबरी होती.

मग अचलपूरहून लाकूड आलं. तिकडे यांच्या ओळखीच्या एकाची संत्र्याची जुनी बाग वाळली, त्यानं झाडं तोडली आणि एक पोतंभर लाकूड एसटीनं धाडून दिलं. त्या रविवारी कोळशावर ते घातलं. मी नेहमीसारखी खिडकीशी. "ओला कुत्रा," मी सांगितलं. "जळकी चप्पल," सांगितलं. मग धूर पातळ झाला, निळसर झाला, आणि वास बदलला. गोड, उबदार, थोडा संत्र्याच्या सालीचा, थोडा भाजलेल्या कशाचा तरी. मी तो घेतला. पुन्हा घेतला. पदर केव्हा मांडीवर आला ते मला कळलं नाही. तोंडाला पाणी सुटलं. माळकऱ्याच्या मुलीच्या तोंडाला, कोंबडीच्या वासानं! मला माझीच किळस आली, पण वासाची काही केल्या येईना.

"आत्ता कसा येऊन राहिला?"

"झालं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

हे ताट घेऊन बसले. कोंबडी तांबूस, चकचकीत झाली होती. यांनी तुकडा उचलला, तोंडाशी नेला आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. तुकडा तसाच हातात राहिला. थोड्या वेळानं यांनी तो ताटात परत ठेवला.

"नाई जमलं वाटते आज," हे म्हणाले.

"काहून? चांगलं झालं ना."

"तुह्या तोंडावर तं काईच नाई."

आणि यांचा हात मिठाच्या बरणीकडे गेला. खांदे पडले. अकोल्याला भंगाराच्या ढिगावर बसलेला तोच माणूस माझ्यासमोर बसला होता.

मी झटकन पदर उचलून नाकाला लावला. "शी! शी! कशी घाण मारून राहिली ही!" मी ओरडले. "तिकडे सरकवा ते ताट! मले मळमळून राहिलं!"

यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी तोंड आणखी वाकडं केलं. यांचा हात बरणीवरून मागे आला. तुकडा तोंडात गेला, डोळे मिटले गेले.

"हं," हे चावत चावत म्हणाले. "आज तं लयच नाक मुरडून राहिली तू. आज मस्त जमलं."

"जमलं असन. लवकर आटपा," मी म्हटलं, आणि यांचं ताट रिकामं होईपर्यंत पदराआडून तो वास घेत तोंड वाकडं करून बसले.